छागलवाल्यानं शिवलेला पोशाख

माझ्या सासऱ्यांनी माझं अंग जितक्या बारकाईनं तपासलं, तितकं पुढे कुठल्या डॉक्टरनं तपासलं नाही. ते चकलांब्याचे शेतकरी. बैल घ्यायचा तर दात, खूर, वशिंड, शेपटीचा गोंडा, सगळं पाहून, चार पावलं चालवून मग घेणार. जावई घेताना मात्र त्यांची घाई झाली. मुलगा बिडात एका जहागीरदाराकडे नोकरीला आहे, एवढंच त्यांना सांगितलं होतं. नोकरी कसली, हे आमच्या बाजूच्या कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. कळलं तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

माझी नोकरी फटफटी चालवण्याची होती. जहागीरदारांनी ती सिकंदराबादेहून, लष्कराच्या लिलावातून आणली आणि आणल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपला देह तिच्या बैठकीवर मावत नाही. परत विकायची तर अब्रूचा प्रश्न, म्हणून मला ठेवलं. ते टांग्यात बसत आणि मी पुढे फटफटी घेऊन निघे, म्हणजे ही कुणाची आहे ते रस्त्याला कळावं. त्या आवाजानं टांग्याचं घोडं बिथरायचं, टांगा भलत्याच गल्लीत शिरायचा आणि मी मागे न बघता पार वेशीबाहेर जाऊन पोचायचो. तरी मला नोकरीचा गर्व होता. जिल्ह्यात तेव्हा फटफट्या तीन आणि त्या खरोखर चालवता येणारा माणूस एक, असं माझं मत होतं. ते मत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

लग्नानंतर बायको महिनाभर आमच्याकडे राहिली. घर दोन खोल्यांचं, त्यात आई, थोरला भाऊ, भावजय. दिवसा नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही आणि रात्री भिंतीला कान, त्यामुळे महिन्याभरात आमचं बोलणं झालं ते असं : मी म्हणायचो ‘पाणी’, ती म्हणायची ‘हं’. एकदा दारासमोर फटफटी सुरू होईना आणि मी तिला लाथा घालून घामाघूम झालो, तेव्हा ती दाराआड हसली. मला हसली की गाडीला, ते कळलं नाही. ती मला फार आवडली होती. हे आता लिहायला हरकत नाही. तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती, आणि तिला सांगायची तर नाहीच.

दिवाळीला ती माहेरी गेली. चार दिवसांनी पहिल्या दिवाळसणासाठी मी निघालो, आणि बैलगाडीनं नाही, तर जहागीरदारांची परवानगी काढून फटफटीवरून. गेवराईपर्यंत सगळं छान झालं. गेवराईच्या पुढे एका म्हशीनं रस्ता ओलांडायला घेतला आणि अर्ध्यात विचार बदलला. मी सासरी पोचलो तो नाकाचा शेंडा, दोन्ही कोपरं आणि एक गुडघा सोलून. सासूबाई ताट घेऊन ओवाळायला आल्या आणि आधी आत जाऊन हळद घेऊन आल्या. सासरे ओसरीवर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला एकच विचारलं, की हे असं किती वेळा होतं. मी खरं सांगितलं. ती माझी चूक.

सण झाला, जावयाला धोतरजोडी मिळाली, लेक मात्र काही निघाली नाही. आज मूळ नक्षत्र, उद्या अमावास्या, परवा तिला कसकस आहे. मग माघ आला तरी तेच. आई मला बोलू लागली. मला वेगळीच भीती होती. सासरे अडवत असतील तर त्यांची समजूत काढता येईल. पण तीच म्हणाली असेल, की मला त्या सोललेल्या माणसाकडे जायचं नाही, तर काय करायचं? दाराआडचं ते हसणं मला आठवायचं आणि दर वेळी ते थोडं जास्त वाईट वाटायचं.

त्यात जिल्ह्याला नवे अव्वल तालुकदार आले. निजाम सरकारच्या राज्यात अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा सर्वांत मोठा साहेब. हे साहेब हैदराबादेहून आलेले, घोड्यांच्या शर्यतींचे शौकीन. हुजुरांच्या, म्हणजे निजामांच्या, वाढदिवसाचा जलसा जवळ आला होता. बिडात करमणूक काय आहे, असं त्यांनी सगळ्या मानकऱ्यांना विचारलं. कुणी कुस्त्या म्हणालं, कुणी कव्वाली. आमचे जहागीरदार म्हणाले, फटफटीची शर्यत. पोलीस परेडच्या मैदानावर चुन्याची रेघ मारून गोल रिंगण करायचं, पाच फेऱ्या, जिल्ह्यातल्या तिन्ही फटफट्या. साहेब खूश झाले. जहागीरदार घरी आले आणि मला म्हणाले, की तू धावणार आहेस. नाही म्हणण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

ही बातमी चकलांब्याला माझ्याआधी पोचली. पुढच्याच बाजाराला सासरे बिडात आले, जहागीरदारांच्या अंगणात मला गाठलं आणि पायरीवर बसून शांतपणे बोलले.

“मालकाचा हुकूम मोडा, आसं मी म्हननार न्हाई. पळवा गाडी. पर लेकीचं कुकू त्या गाडीच्या मागं बांधून फिरवायला मी तिला दिलेली न्हाई. त्या दिशी मी लेकीला गाडीत घालून मैदानावर येतो. शर्यत झाली की तितंच तुमचं अंग बगनार. एक जरी खरचटा दिसला, तर आलो तसा माघारी. न्हाई दिसला, तर तिचं गाठुडं तुमच्या घरी.”

मी म्हणालो, “मामा, एकसुदिक न्हाई दिसनार.”

“बगू की,” ते म्हणाले आणि मिरच्यांचं बी घ्यायला निघून गेले.

म्हणजे शर्यत जिंकली काय, हरली काय, मला सारखंच होतं. मला फक्त कातडी शाबूत ठेवून पाच फेऱ्या मारायच्या होत्या, आणि हाताशी पंधरा दिवस होते. शर्यतीत अंगात काय घालतात हे त्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे ज्याला त्याला मत होतं.

तालमीतल्या वस्तादांचं म्हणणं, काहीच घालू नये. लंगोट कसावा, अंगभर तेल चोपडावं, माणूस पडला तरी निसटून जातो. निसटून कुठे जातो, हे मी विचारलं. ते म्हणाले, पुढं.

जहागीरदारांनी दिवाणखान्याच्या भिंतीवरचं पणजोबांचं चिलखत काढून दिलं. लोखंडी कड्यांची ती बंडी घालून मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. तिला वजन इतकं, की फटफटी चढावर मागे येऊ लागली. काढताना एका कडीत बरगडीवरची कातडी अडकली आणि दोन बोटं लांब ओरखडा उठला. न पडता. शत्रूच्या तलवारीपासून पणजोबांना त्यानं वाचवलं असेल, पण सासऱ्यांपासून मला वाचवणं त्याला जमणारं नव्हतं. तो ओरखडा भरून यायला सहा दिवस गेले आणि ते सहा दिवस मी रोज सकाळी आरशात बरगडी पाहत होतो.

आईनं दुलईचा अंगरखा शिवला. चार शेर कापूस भरलेला, गुडघ्यापर्यंत. पडलो असतो तर खरंच काही झालं नसतं. पण फटफटीच्या पोटाखालून धुराची नळी जाते आणि ती निखाऱ्यासारखी तापते, हे मी आईला सांगायला विसरलो. बाजारपेठेत पोचलो तेव्हा लोक मला हात करत होते. मला वाटलं कौतुक चाललंय. मग एका फळवाल्यानं टोपलीवर शिंपडायचं पाणी माझ्या मांडीवर ओतलं.

तोच फळवाला म्हणाला, कापूस आणि लोखंड कशाला शोधताय, बिडात राहून कातडं सुचत न्हाई का? मला स्वतःची लाज वाटली. बीडची छागल तेव्हा लांबलांब जात असे. चामड्याची ती पाण्याची पिशवी प्रवासात खोगिराला लटकवली, की दिवसभर पाणी गार. आमच्या गावात जगातलं सर्वांत चिवट कातडं कमावलं जात होतं आणि मी पणजोबांच्या कड्यांत अडकलो होतो.

बिंदुसरा नदीच्या काठाला एक म्हातारे छागलवाले होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांनी आयुष्यात एकाच शत्रूशी लढाई केली होती आणि तो शत्रू म्हणजे गळती. मी त्यांना पडण्याबद्दल, खरचटण्याबद्दल, सासऱ्यांबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, की पाणी आतून बाहेर यायला नको की बाहेरून आत जायला नको. मी म्हणालो, चाचा, पाण्याचा संबंध नाही. ते म्हणाले, पाण्याचा संबंध सगळ्याला असतो.

छागलीला ते पातळ कातडं वापरत. माझ्यासाठी त्यांनी म्हशीचं काढलं. मला ते योग्यच वाटलं. पाडलं होतं म्हशीनंच. मी सुचवलं, की एक बंडी आणि एक विजार करावी. चाचांना राग आला.

“कमरेत सिवन घातली की तितूनच गळतंय. चाळीस साल झाले, माज्या हातचा माल गळला न्हाई. मानेपासून घोट्यापातुर एकच करतो. पाठीमागं कातड्याच्या वादीनं बांदू.”

मीही मान डोलावली. कापूस जळून गेलेला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

आता खरी गोष्ट आली. छागल शिवून झाली की ओली असतानाच तिच्यात वाळू ठासून भरतात आणि उन्हात ठेवतात. कातडं वाळतं, पोटाला गोल आकार येतो, मग वाळू ओतून टाकतात. तो आकार पुन्हा जन्मात जात नाही. चाचांना दुसरी रीत माहीत नव्हती. त्यांनी ओला पोशाख माझ्या अंगावर चढवला, पाठीमागे वाद्या आवळल्या, मला अंगणात उभ्या केलेल्या फटफटीवर बसवलं आणि म्हणाले, की आता वाळू म्हणजे तू. हँडल धर, पुढं वाक, आणि हलू नको.

मी दोन दिवस बसलो. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत, एका जागी, बंद फटफटीवर, शर्यतीच्या आवेशात. पहिल्या दिवशी गल्लीतली माणसं बघून गेली. दुसऱ्या दिवशी बाहेरगावची आली. नमाजला जाणारे थांबून खुशाली विचारत. मी मान वळवू शकत नसल्यानं समोरच्या रांजणाकडे बघत उत्तर द्यायचो. चाचांच्या घरून बशीत चहा यायचा आणि चाचाच तो माझ्या तोंडाला लावायचे. मधल्या काळातल्या इतर अडचणी मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचांनी कातडं बोटानं वाजवून पाहिलं. लाकडासारखा आवाज आला. त्यांनी मागच्या वाद्या सोडल्या, मी पाठीकडून बाहेर निघालो, आणि मागे वळून पाहिलं तर पोशाख तसाच गाडीवर बसला होता. हँडल धरून, पुढे वाकून, मुंडकं नसलेला. चाचांची सून पाणी भरून आली ती घागर टाकून आत पळाली.

हातमोजे चाचांनी केले ते दोन छोट्या छागलीच होत्या, बोटं नसलेल्या. बोटं केली की प्रत्येक बोटाला सहा शिवणी, असा हिशोब त्यांनी मांडला. शेवटी अंगठा तेवढा वेगळा निघाला. डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून त्यांच्या घरच्या बाईंनी जुन्या बुरख्याची जाळी कापून दिली. ती इतकी उत्तम निघाली, की मी पुढे कित्येक वर्षं तीच वापरली. बूट पोलिसातल्या एका जमादाराचे, दोन्ही डाव्या पायाला बरे बसणारे. डोक्याला चामड्याचं टोपरं झालं होतं. पण जहागीरदारांनी सांगितलं, की साहेबांसमोर जायचं तर दस्तार हवीच. दरबारी रिवाज होता तो. डोक्याला दस्तार, म्हणजे बांधून कडक केलेली पगडी, आणि कमरेला बगलूस, म्हणजे बकलाचा पट्टा. त्याशिवाय हुजुरांच्या माणसापुढे उभं राहणं म्हणजे बेअदबी. तेव्हा टोपऱ्यावर दस्तार ठेवून सुतळीनं हनुवटीखाली बांधली. तयार झाल्यावर मी आईला विचारलं, कसा दिसतो. ती म्हणाली, बरं झालं तुझे वडील बघायला नाहीत.

जलशाच्या दिवशी मैदानावर अख्खं बीड लोटलं होतं. एका कडेला लिंबाखाली चकलांब्याची बैलगाडी सुटलेली दिसली. गाडीत सासूबाई आणि त्यांच्याआड एक हिरवं लुगडं. गाठोडंही दिसलं, पण ते उतरवायचं आहे की परत न्यायचं, हे गाठोड्यावरून कळत नाही. सासरे बैलांना वैरण टाकत होते. त्यांनी मला पाहिलं आणि वैरण टाकायचे थांबले.

मी त्यांच्याकडे चालत गेलो नाही, कारण चालणं हा माझा पोशाखाशी वाद होता. कातडं फटफटीवर बसलेल्या माणसाच्या आकाराचं झालेलं. गाडीवर बसलो की ते अंगाला असं बसायचं, की मी आणि ते दोन नाही असं वाटावं. गाडीवरून उतरलो, की गुडघे वाकलेले, कंबर दुमडलेली, हात पुढे. सरळ व्हायचं म्हटलं तर कातडं मला खाली ओढायचं. ही गोष्ट चाचांच्या, माझ्या, जहागीरदारांच्या, कुणाच्याही डोक्यात आली नव्हती. आम्ही सगळे धावण्याचाच विचार करत होतो.

आणि शर्यतीआधी तिघांनी शामियान्यात जाऊन साहेबांना सलाम करायचा होता. पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर गेले, ताठ उभे राहून सलाम करून आले. गेवराईच्या कापूसवाल्या शेटजींचे भाऊ गेले, तेही आले. मग मी निघालो. वाकलेला, बसक्या चालीनं, दोन्ही हात समोर धरून, तोंडावर जाळी. पन्नास पावलांचं अंतर मला कोसभर वाटलं. जहागीरदारांचा चेहरा शामियान्यात पांढरा पडत गेला. मी साहेबांसमोर पोचलो, होतो तसाच थांबलो आणि जमेल तेवढा हात कपाळाकडे नेला. तो कपाळापर्यंत गेला नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकलेलाच. त्यांनी वाट पाहिली. मी वाकलेलाच. मग त्यांचे डोळे भरून आल्यासारखे झाले आणि ते म्हणाले, “बस, बस, मियाँ. अब सीधे हो जाओ.”

मी हुकूम मानू शकलो नाही. साहेब शेजारच्या माणसाला सांगू लागले, की जुनी अदब आता हैदराबादेत राहिलेली नाही, ती पाहायची तर बिडाला यावं. जहागीरदारांच्या गालांत रक्त परतलं. ते लगेच म्हणाले, की आमच्या घराण्यातले नोकर पिढ्यान्‌पिढ्या असेच आहेत. मग साहेबांनी अदब या विषयावर भाषण केलं. ते संपेपर्यंत मी उन्हात तसाच उभा होतो, आणि चाचांच्या शिवणीतून खरोखर एक थेंबही बाहेर गेला नाही. घाम गुडघ्यांत साठला होता. पाय उचलला की आत डुचमळ ऐकू यायची.

शर्यत फार वेळ चालली नाही. झेंडी पडली आणि आम्ही सुटलो. पहिल्या फेरीत इंजिनिअर पुढे, मी मागे. गाडीवर बसल्यावर माझ्या पोशाखाचं चीज झालं. मला वाटलं जिंकतोय आपण. दुसऱ्या फेरीत हनुवटीखालची सुतळी तुटली आणि दस्तार उडून रिंगणात पडली. साहेबांसमोर दस्तार धुळीत! जहागीरदार उभे राहून हातवारे करू लागले. मी पुढच्या फेरीत तिथे गाडी हळू केली, एक हात खाली सोडला, दस्तार बोटं नसलेल्या मोज्यात येईना म्हणून आणखी वाकलो, आणि पुढचं चाक चुन्याच्या रेघेवरून भुसभुशीत मातीत गेलं.

मी गाडीवरून सुटलो. आभाळ दिसलं, माती दिसली, पुन्हा आभाळ. बहुतेक चार कोलांट्या झाल्या. मग मी थांबलो आणि पाहतो तर रिंगणाच्या मधोमध बसलेलो होतो. गुडघे वाकलेले, हात पुढे, हँडल धरल्यासारखे. फक्त खाली फटफटी नव्हती. दोन्ही गाड्या माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. लोक हसले ते इतके, की फेऱ्या किती झाल्या हे मोजणाराही विसरला. कोण जिंकलं, यावर पुढे चार वर्षं वाद चालला. माझं त्यात नाव नव्हतं.

मी मात्र तिथे बसून अंगाची एकेक जागा मनातल्या मनात तपासत होतो. कोपर : काही नाही. गुडघे : ओले, पण काही नाही. नाकाला जाळीचा बारीक ठसा, कातडी शाबूत. मला रडू यायचं बाकी राहिलं. चाचांचं कातडं जिंकलं होतं.

दोघा शिपायांनी मला उचलून लिंबाखाली, बैलगाडीच्या आडोशाला आणून ठेवलं. मागोमाग सासरे आणि त्यांच्या मागे चाचा. वाद्या घामानं फुगून अशा आवळल्या होत्या, की गाठ सुटेना. चाचांनी मळकट झोळीतून रापी काढली. कातडं कापायची ती रुंद पात्याची सुरी. ते म्हणाले, पाणी मारत राहा, वादी नरम पडली की कापतो. सासूबाईंना कंबरदुखी. सासऱ्यांनी मागे न बघता हाक मारली, “कळशी घे गं.”

ती खाली उतरली. डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत. माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि पाणी ओतू लागली. मी तिला पाहू शकत नव्हतो. सासरे माझ्या समोर उकिडवे बसून मोजे काढत होते, बोटं उलटीपालटी करून बघत होते. मागे चाचांची रापी करकर चालली होती. एक वादी तुटली, दुसरी तुटली. तिसरीला चाचांचा हात घसरला.

दोन खांद्यांच्या मधे एक थंड रेघ ओढल्यासारखं झालं आणि मग ती गरम झाली. मी दात आवळले. चाचांची रापी थांबली. सगळं निभावलं होतं. म्हैस नाही, फटफटी नाही, चार कोलांट्या नाहीत, आणि शेवटी हे. मला चाचांचा राग नाही आला. मला फक्त ते गाठोडं आठवलं.

तेवढ्यात माझ्या पाठीवर, बरोबर त्या जागी, एक हात टेकला. ओला, लहान तळहात, बांगड्यांसकट. तो तिथेच दाबून राहिला.

पोशाख पुढे ओढून निघाला. आत मी गळ्यापासून घोट्यापर्यंत तांबडा झालो होतो. कातड्याचा रंग घामात उतरून अंगाला बसला होता. सासऱ्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं माझी कोपरं पुसली, गुडघे पुसले, बरगड्या चाचपल्या. तोंड वर करायला लावलं. जावयाच्या पोटऱ्यासुद्धा दाबून पाहिल्या. मग म्हणाले, पाठ फिरवा.

मी फिरलो. ती माझ्याबरोबर फिरली, हात न उचलता. आता ती बापासमोर उभी होती. बोटांमधून एक ओघळ खाली चालला होता. तो मला जाणवत होता आणि त्यांना दिसत होता. बापासमोर नवऱ्याच्या अंगाला हात लावलेली लेक त्या माणसानं जन्मात पाहिली नसेल. चाचांनी रापी पाठीमागे लपवली आणि जमिनीकडे बघू लागले.

“काय हाय ते?” सासऱ्यांनी विचारलं.

मला वाटलं ती गप्प बसेल. आमच्यात बायका अशा वेळी बोलत नाहीत. ती बोलली, हळू, पण एकही शब्द न अडखळता.

“रंग हाय, बाबा. कातड्याचा. धुतल्याबिगर जायचा न्हाई.”

सासऱ्यांनी चाळीस वर्षं विहिरीवर चामड्याच्या मोटा हाकल्या होत्या. ओलं कातडं, त्याचा रंग, बैलाच्या खांद्यावरचं रक्त, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. त्यांनी तो ओघळ पाहिला आणि मग बराच वेळ लेकीच्या पदराकडे पाहत राहिले. पदर हलला नाही. हातही हलला नाही.

“पोरगी म्हनतीया तर रंगच आसंल,” ते म्हणाले, आणि गाडीतलं गाठोडं उतरवायला गेले.